पडत्या बाजारात भाड्याचं घर: भाव, भाडं आणि पदरमोड

घरांचे भाव पडायला लागले की भाड्यासाठी घर घेतलेला मालक आधी भावाकडे बघतो. आपलं घर आज कितीला जाईल, वर्षापूर्वी किती आले असते, शेजारचं कितीला गेलं. हे आकडे झोप उडवतात, पण घर विकायचं नसेल आणि हप्ता भाड्यातून सुटत असेल तर ते कागदावरच राहतात. घर हातचं जातं ते बहुधा दुसऱ्याच वाटेनं. हप्त्याची तारीख येते आणि भाडं आलेलं नसतं. कर्जाची मुदत संपते आणि बँक तेवढंच कर्ज पुन्हा द्यायला तयार नसते. घर रिकामं असतानाच छप्पर गळायला लागतं. मंदीत घर गमावलेल्यांच्या वह्या उघडल्या तर भाव पडल्यानं झालेलं नुकसान नंतरचं, त्याआधी कित्येक महिने चाललेली पदरमोड दिसते. म्हणून या सगळ्यात लक्ष ठेवायचं ते रोकडीवर.

त्याआधी घसरण कशामुळे आली हे ओळखावं लागतं, कारण भाव आणि भाडं एकत्र पडतातच असं नाही. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात घरांचे भाव देशपातळीवर साधारण २७ टक्क्यांनी उतरले. भाडी मात्र त्या प्रमाणात कोसळली नाहीत. घर गमावलेली कुटुंबं कुठेतरी राहणारच होती, आणि बँकांनी हात आखडता घेतल्यामुळे नव्या लोकांना घर विकत घेणं जमत नव्हतं. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण तिथे २००४ मध्ये ६९ टक्के होतं, ते २०१६ पर्यंत ६३ टक्क्यांच्या आसपास आलं. भाडेकरू वाढले. याच्या उलट चित्र पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलंड आणि काराथा या गावांचं. खाणींचा विस्तार जोरात होता तोवर तिथे घर मिळणं मुश्कील होतं. २०१२-१३ नंतर बांधकामाचा टप्पा ओसरला, कामगार निघून गेले आणि भाव व भाडं दोन्ही एकदम खाली आलं. विकत घेणारा गेला होता तसाच भाड्यानं राहणाराही गेला होता.

तेव्हा प्रश्न असा विचारायचा: माझा भाडेकरू ज्या पगारावर राहतो तो पगार टिकणार आहे का? व्याजदर वाढल्यामुळे किंवा कर्ज मिळेनासं झाल्यामुळे भाव पडले असतील तर भाड्याला सहसा आधार राहतो. एकाच उद्योगावर उभं असलेलं गाव असेल आणि तो उद्योगच बसला असेल तर राहत नाही. तिसरा प्रकार जादा बांधकामाचा. यात गिऱ्हाईक असतं, पण पर्याय फार झालेले असतात. नवी इमारत ताब्यात आली, तिच्यातली बरीच घरं गुंतवणूकदारांची आहेत, आणि सगळे एकाच महिन्यात भाडेकरू शोधताहेत, अशा ठिकाणी भाडं वर्षभर तरी दबलेलं राहतं. त्यात भर पडते ती विकायला काढलेलं घर न विकल्यामुळे नाइलाजानं भाड्यानं देणाऱ्यांची. यांना भाड्यातून कमवायचं नसतं, निदान हप्त्याचा थोडा भार कमी व्हावा एवढंच बघायचं असतं, म्हणून ते कमी भाड्यालाही तयार होतात.

बाजार पडतोय हे भावातून सगळ्यात शेवटी कळतं. आधी व्यवहारांची संख्या घटते, मग घरं विक्रीला जास्त दिवस पडून राहतात, मग सांगितलेली किंमत आणि प्रत्यक्षात मिळालेली किंमत यांच्यातलं अंतर वाढतं. भाड्याचंही तसंच आहे. जाहिरातीतला आकडा महिनोनमहिने तोच राहतो, आतून मात्र एक महिना माफ, रंगकाम करून देतो, अनामत कमी घेतो अशी सूट सुरू झालेली असते. एजंटला ‘भाडं किती चाललंय’ असं न विचारता ‘मागच्या महिन्यात या इमारतीत किती घरं गेली, कितीला आणि किती दिवसांत’ असं विचारलं तर उपयोगाचं उत्तर मिळतं.

आता हिशेब. घराची किंमत १०० धरू. ३० स्वतःचे, ७० कर्ज, दर ६ टक्के, मुदत २५ वर्षं. वर्षाचे हप्ते होतात साधारण ५.४१. वर्षाचं भाडं ८ आणि कर, विमा, देखभाल, एजंट, किरकोळ दुरुस्ती मिळून खर्च २.४. हातात राहतात ५.६, म्हणजे हप्ते भागवून ०.१९ शिल्लक. कसंबसं जुळणारं गणित आहे, आणि चांगल्या काळात घेतलेल्या बऱ्याच घरांचं असंच असतं. आता भाडं १० टक्क्यांनी उतरू द्या: ७.२. खर्च मात्र २.४ च राहतो. कर, विमा, लिफ्टचं वीजबिल यांना बाजार पडल्याचं काही देणंघेणं नसतं. त्यात वर्षातून एक महिना घर रिकामं राहिलं तर आणखी ०.६ गेले. हातात उरले ४.२. भाडं दहा टक्क्यांनी पडलं, पण हप्त्यासाठी उपलब्ध रक्कम पाव हिश्शानं घटली, आणि ०.१९ च्या शिलकीऐवजी वर्षाला १.२१ ची पदरमोड सुरू झाली. सुरुवातीच्या गणितात रिकाम्या महिन्यासाठी तरतूदच नव्हती, हीही नेहमी आढळणारी गोष्ट.

कर्जाचा दर बदलता असेल तर यावर आणखी एक थर चढतो. तीन वर्षं हप्ते भरून शिल्लक राहतात सुमारे ६६. या वेळी दर ६ वरून ८ टक्क्यांवर गेला आणि मुदत तीच ठेवली, तर वर्षाचे हप्ते ५.४१ वरून ६.३९ होतात. पदरमोड १.२१ वरून जवळपास २.२ वर जाते. मुदत वाढवून घेतली तर हप्ता कमी वाढतो, पण सुरुवातीला मुद्दल जवळजवळ फिटतच नाही. पडत्या बाजारात तर मुद्दल कमी होत राहणं हाच एकमेव आधार असतो.

हे गणित प्रत्येक घरासाठी वेगळं मांडावं. चार घरांची बेरीज एकत्र केली की एक चांगलं घर दोन वाईट घरांना झाकून टाकतं. प्रत्येक घरासाठी तीन रकाने पुरेत: पहिल्यात आज जसं आहे तसं; दुसऱ्यात भाडं १० टक्के कमी आणि एक महिना रिकामं; तिसऱ्यात भाडं २० टक्के कमी, दोन महिने रिकामं आणि दर २ टक्क्यांनी जास्त. तिसऱ्या रकान्यातली पदरमोड दोन वर्षं पगारातून किंवा बचतीतून भरता येईल का, हे त्या घरापुढे लिहून ठेवायचं. निव्वळ भाडं, म्हणजे खर्च वजा जाता हातात राहणारं, हप्त्याच्या किती पट आहे हा आकडाही तिथेच लिहावा. भाड्याच्या मालमत्तेवर कर्ज देणाऱ्या अनेक संस्था १.२ ते १.२५ पट मागतात. वरच्या उदाहरणातलं घर चांगल्या दिवसांतसुद्धा १.०३ वरच होतं.

कर्जाच्या बाजूला जास्त वेळ द्यायला हवा, कारण तिथे चूक दुरुस्त करायला पडत्या बाजारात वावच राहत नाही. घराची किंमत १०० वरून ८० झाली आणि कर्ज ६६ शिल्लक आहे. म्हणजे कर्ज किमतीच्या ८२.५ टक्के झालं. हप्ते वेळेवर चालू असतील तर बहुतेक घरकर्जांत बँक लगेच काही करत नाही. गाठ पडते ती ठरावीक मुदतीनं नव्यानं मंजूर करून घ्यावं लागणाऱ्या कर्जात, किंवा दर कमी करून घेण्यासाठी कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं असेल तेव्हा. नवी बँक किमतीच्या ७० टक्केच देत असेल तर ८० वर ५६ मिळतील. वरचे १० रोख आणावे लागतील. ते नसले तर स्वस्त दर समोर दिसत असूनही महाग कर्जातच अडकून राहावं लागतं. हाँगकाँगमध्ये १९९७ ते २००३ या काळात भाव ६० टक्क्यांहून जास्त उतरले, आणि २००३ च्या मध्यावर घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त झालेली खाती एक लाखाच्या वर गेली होती. त्या खात्यांना दुसरीकडे जायची वाट जवळपास बंद होती.

फक्त व्याज भरायची सवलत असलेली कर्जं सगळ्यात फसवी. ७० च्या कर्जावर ६ टक्क्यांनी पाच वर्षं फक्त व्याज भरलं तर वर्षाला ४.२ जातात आणि घर छान चाललंय असं वाटतं. सहाव्या वर्षी मुद्दल सुरू होतं, तेही उरलेल्या २० वर्षांत फेडायचं, म्हणून हप्ते एकदम ६.०२ होतात. ४३ टक्क्यांची ही वाढ दर तिळमात्र न वाढता होते. ऑस्ट्रेलियात अशा कर्जांचं प्रमाण फार वाढल्यावर तिथल्या नियामकानं २०१७ मध्ये नव्या घरकर्जांपैकी ३० टक्क्यांपेक्षा जास्त कर्जं या प्रकारची देऊ नयेत असं बँकांना बजावलं. सवलतीची मुदत वाढवून मिळेल या भरवशावर असलेल्या मालकांना तेव्हा आपली तारीख नीट बघावी लागली. तुमच्या कर्जात अशी तारीख असेल तर ती येण्याच्या किमान वर्षभर आधी बँकेशी बोलणी सुरू करा. भाडं चालू आहे, हप्ता चुकलेला नाही, तोवर बोलणं बरोबरीचं होतं. एकदा हप्ता थकला की मग बँक बोलते आणि तुम्ही ऐकता.

करारपत्रात आणखी दोन गोष्टी शोधा. एक, तुमची दोन-तीन घरं एकाच कर्जाला एकत्र तारण आहेत का. तसं असेल तर त्यांतलं एक घर विकून सुटका करून घेता येईलच असं नाही. विक्रीला बँकेची परवानगी लागते, आणि उरलेल्या घरांचं मूल्यांकन खाली आलं असेल तर आलेली सगळी रक्कम बँक कर्जात वळती करून घेऊ शकते. बाजार बरा असतानाच ही तारणं वेगळी करून घेतलेली चांगली. दुसरं, अडीअडचणीला म्हणून ठेवलेली उचल-मर्यादा, म्हणजे लागेल तेव्हा कर्जाऊ पैसे काढायची सोय, बँक आपल्या मर्जीनं कमी करू शकते का. २००८ मध्ये अमेरिकेत अनेक बँकांनी घराच्या तारणावरच्या अशा मर्यादा गोठवल्या किंवा कमी केल्या, आणि त्या नेमक्या गरजेच्या वेळी. राखीव पैसा खात्यात असावा लागतो. प्रत्येक घरामागे सहा महिन्यांचे हप्ते आणि खर्च, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे ३.९, एवढी रोकड ठेवली तर रात्री झोप लागते. भाडेकरूची अनामत या राखीव पैशात मोजू नये. भाडेकरू जातात तेव्हा ती परत द्यावी लागते, आणि मंदीत ते एकापाठोपाठ जातात.

मूल्यांकन करणारा माणूस घरी येईल तेव्हा त्याच्या हातात कागद द्या: चालू भाडेकरार, गेल्या बारा महिन्यांच्या भाड्याची नोंद, केलेल्या मोठ्या दुरुस्त्या आणि आसपासच्या खऱ्या विक्रींची यादी. मूल्यांकन अलीकडच्या सौद्यांवरून होतं, आणि मंदीत त्यांतले बरेच जप्तीचे किंवा घाईचे असतात. कोणता सौदा घाईचा होता हे परगावाहून आलेल्या माणसाला माहीत नसतं.

भाड्याबाबत मालक सर्वांत जास्त हट्ट करतात, आणि तो महाग पडतो. एक महिना घर रिकामं राहणं म्हणजे वर्षाच्या भाड्याचे ८.३ टक्के गेले. म्हणजे जुनं भाडं मिळावं म्हणून दोन महिने थांबणारा मालक वर्षभरासाठी जवळपास १७ टक्के कमी घेणाऱ्याच्या बरोबरीला येतो. शिवाय साफसफाई, रंग, एजंटची फी आणि रिकाम्या घराचं बिल वेगळं. म्हणून चांगला भाडेकरू घरात असेल तर करार संपायच्या दोन महिने आधी आपणच विषय काढावा. त्यानं बाहेर चौकशी केली की त्याला आजचे भाव कळतातच, आणि एकदा त्यानं दुसरं घर पाहून ठेवलं की पाच टक्क्यांची सूट पुरत नाही. आधी दिली असती तर पुरली असती.

सूट कशी द्यायची यालाही अर्थ आहे. कराराचं भाडं तेच ठेवून एक महिना माफ केला तर कागदावरचा आकडा टिकतो, पुढच्या वर्षीची वाढ त्या आकड्यावर मागता येते. पण हे बँकेपासून लपवायचं नाही, माफ केलेला महिना करारात लिहायचाच. शिवाय भाडेकरू महिन्याच्या रकमेवर घर चालवत असेल तर त्याला माफ महिन्यापेक्षा कमी भाडंच हवं असतं. माफ करायचा असेल तर पहिला महिना करू नये. सहावा किंवा शेवटचा करावा. करार कधी संपतो हेही बघा. लोक घरं बदलत नाहीत अशा हंगामात मुदत संपत असेल तर या वेळी दहा किंवा चौदा महिन्यांचा करार करून तारीख चांगल्या हंगामात आणता येते. यात खर्च काहीच नसतो, तरी फार कमी मालक हे करतात.

घर लवकर भरायच्या घाईत भाडेकरूची चौकशी ढिली पडते. उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त भाडं जाणार असेल, किंवा आधीच्या मालकाशी बोलायला तो टाळाटाळ करत असेल, तर घर आणखी पंधरा दिवस रिकामं ठेवलेलं परवडतं. रिकाम्या घराचं नुकसान महिन्याला मोजता येतं. भाडं न देणाऱ्या माणसाला घराबाहेर काढण्याचं मोजता येत नाही. मात्र वर्षानुवर्षं वेळेवर भाडं देणाऱ्याची नोकरी गेली तर गोष्ट वेगळी. पहिल्या आठवड्यातच त्याच्याशी बोला, किती रक्कम लगेच देता येईल आणि उरलेली किती हप्त्यांत हे दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवा. संकोचानं दोन महिने गप्प बसलं की थकबाकी एवढी वाढते की भाडेकरू फोन उचलणंच बंद करतो, आणि चांगला माणूस दोघांच्या अवघडलेपणात हातचा जातो.

पैसा आटला की पहिला हात दुरुस्तीवर पडतो. काही कामं खरंच पुढे ढकलता येतात: फरशी बदलणं, स्वयंपाकघराची कपाटं, बाहेरचा रंग तो नुसता दिसण्यासाठी असेल तर. पाणी, वीज, सांडपाणी आणि जिने-कठड्यांची सुरक्षितता यांत थांबायचं नाही. भिंतीत मुरणारं पाणी आज एका सांध्याचं काम असतं. वर्षभरात ते प्लास्टर, वायरिंग आणि सळईपर्यंत पोचतं, आणि ओल आलेल्या घरातून पहिला बाहेर पडतो तो दुसरीकडे सहज घर मिळू शकणारा, म्हणजे तुमचा सगळ्यात चांगला भाडेकरू.

इमारतीत घर असेल तर सामायिक देखभालीची वर्गणी किती मालकांची थकली आहे हे दर तिमाहीला विचारून घ्या. अडचणीतले मालक सगळ्यात आधी तीच वर्गणी थांबवतात. राखीव निधी संपतो, लिफ्ट किंवा छताचं काम निघतं, आणि जे भरत होते त्यांच्याच माथी जादा वर्गणी बसते. तुमचा हिशेब चोख असूनही येणारा हा खर्च आहे. थकबाकीचं प्रमाण वाढताना दिसलं तर त्याची तरतूद आधीच करा.

विमा कमी करून पैसे वाचवायचा मोह होतो, कारण घराची किंमत उतरलेली असते. पण विमा बाजारभावाचा नसतो, पुन्हा बांधायच्या खर्चाचा असतो, आणि जमिनीसकट घराचा भाव पडला तरी सिमेंट-मजुरीचा खर्च तेवढा पडत नाही. त्याच कागदात रिकाम्या घराचं कलमही शोधा. सलग ३० किंवा ६० दिवस घर रिकामं राहिल्यास पाणीगळती आणि चोरीसारखे धोके वगळणाऱ्या पॉलिसी पुष्कळ आहेत. वार्षिक मालमत्ता कर मूल्यांकनावर आकारला जात असेल तर फेरमूल्यांकनाचा अर्ज करता येतो का आणि त्याची मुदत कधी संपते हे पाहा. करखात्याकडचा भाव बाजाराच्या मागून चालतो, आणि मालकानं मागितल्याशिवाय सहसा खाली येत नाही.

राहिला विक्रीचा निर्णय. ८० ला घर विकलं, व्यवहाराचा खर्च ५ टक्के म्हणजे ४ गेला, कर्ज ६६ फेडलं, हातात आले १०. भाव पाचव्या हिश्शानं पडला, पण घातलेल्या ३० पैकी दोन तृतीयांश गेले. ७० ला विकलं तर उरतात जेमतेम ०.५, आणि त्याखाली घर विकायलाच खिशातून पैसे घालावे लागतात. इथे माणूस खरेदीच्या किमतीला चिकटतो. बोस्टनमध्ये १९९० च्या दशकातल्या सदनिकांच्या विक्रीचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. घेतलेल्या किमतीपेक्षा कमीत विकण्याची वेळ आलेले मालक चढी किंमत सांगत होते आणि त्यांची घरं बाजारात जास्त काळ पडून राहत होती, असं त्यात दिसलं. त्यांना किंमत थोडी जास्त मिळालीही. पण भाडेकरू नसलेल्या घरात तो काळ हप्ते आणि बिलं भरून काढावा लागतो. तो खर्च मिळालेल्या जादा किमतीतून वजा केल्याशिवाय फायदा झाला म्हणता येत नाही.

कोणतं घर विकायचं, यात बहुतेक जण उलटं करतात. जे पटकन जातं ते चांगलं घर विकतात आणि त्या पैशांवर वाईट घर जगवतात. तिसऱ्या रकान्यात जिथे पदरमोड सगळ्यात मोठी आणि भाडेकरूची मागणी सगळ्यात कमी, ते घर आधी बाजारात काढायला हवं, कमी किमतीला जात असलं तरी. उलट ज्या घराचं भाडं हप्ता भागवतंय ते भाव कितीही उतरला तरी घाईनं विकायचं काही कारण नाही.

भाडेकरूसकट विकायचं असेल तर गिऱ्हाईक दुसरा गुंतवणूकदार असण्याची शक्यता जास्त, आणि त्याला चालू करार आणि बारा महिन्यांच्या भाड्याच्या नोंदी बघायच्या असतात. रिकामं करून विकलं तर स्वतः राहणाराही येतो, पण विकेपर्यंतचे हप्ते तुमचे. दोन्ही रकमा मांडूनच ठरवा. भाडेकरूला स्वतः सांगा, पाहायला येणाऱ्यांच्या वेळा त्याला विचारून ठरवा. घर दाखवताना त्याचं सहकार्य मिळणं कुठल्याही रंगकामापेक्षा जास्त उपयोगी पडतं. व्यवहाराच्या दिवशी अनामत नव्या मालकाकडे वर्ग झाल्याची तिघांच्या सह्यांची नोंद करा, त्या महिन्याचं भाडं तारखेप्रमाणे वाटून घ्या, आणि कर्ज पूर्ण फिटल्याचं बँकेचं पत्र तर घ्याच, शिवाय सरकारी दप्तरातून बोजा उतरल्याची नोंदही स्वतः जाऊन तपासा.